गावात कोर्ट नाही, तरी टेनिस कसे शिकावे?

दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावात टेनिसचा चेंडू कोणत्याही दुकानात मिळतो, पण त्याने खेळले जाते क्रिकेट. टेनिस म्हणजे क्लब, कोर्ट आणि मोठा खर्च, असा समज आहे. कोर्टाची वाट पाहण्यात मुलांचे शिकण्याचे वय निघून जाते. प्रत्यक्षात पहिले काही महिने पूर्ण कोर्टाची गरजच नसते.

जागा किती लागते?

एकेरीचे पूर्ण कोर्ट 23.77 मीटर लांब आणि 8.23 मीटर रुंद असते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने नवशिक्यांसाठी तीन टप्पे ठरवले आहेत:

- लाल चेंडू: नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के संथ. कोर्ट साधारण 11 × 5.5 मीटर.
- नारंगी चेंडू: 50 टक्के संथ. कोर्ट साधारण 18 × 6.5 मीटर.
- हिरवा चेंडू: 25 टक्के संथ. कोर्ट पूर्ण आकाराचे.

10 वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही, असा नियम 2012 पासून आहे. संथ चेंडू कमी उसळतो आणि फटक्यासाठी वेळ देतो. त्यामुळे मोठ्या वयाच्या नवशिक्यांनाही तो उपयोगी पडतो.

आता शाळेचे मैदान पाहा. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 × 10 मीटर असते, म्हणजे त्यात लाल चेंडूचे कोर्ट बसते. व्हॉलीबॉलचे मैदान 18 × 9 मीटर असते. त्यात नारंगी कोर्ट बसते. फक्त रेषेमागे पळायला मोकळी जागा हवी. फक्कीने रेषा आखाव्यात आणि मध्ये 80 सेंटिमीटर उंचीवर दोरी बांधावी. जमीन सपाट व टणक हवी, नाहीतर चेंडू नीट उसळत नाही.

रॅकेट कशी निवडावी?

मोठ्यांची रॅकेट 27 इंचांची असते. 6 ते 8 वर्षांच्या मुलांना साधारण 21 ते 23 इंचांची पुरते. मूठ धरल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचे एक बोट मावले, तर मुठीची जाडी योग्य समजावी. टेनिसच्या चेंडूचे वजन 56 ते 59.4 ग्रॅम असते. क्रिकेटसाठी मिळणारा जड टेनिस बॉल रॅकेटने मारू नये, कोपरावर ताण येतो.

भिंतीवरचा सराव

1. भिंतीवर जमिनीपासून 91 सेंटिमीटरवर रेष ओढावी. नेटची मधली उंची तेवढीच असते.
2. भिंतीपासून पाच-सहा पावलांवर उभे राहावे. फोरहँडसाठी रॅकेट हस्तांदोलन केल्यासारखी धरावी.
3. चेंडू एकदा उसळू द्यावा आणि शरीराच्या थोडा पुढे असतानाच मारावा.
4. जोर लावू नये. रेषेच्या वर सलग 20 फटके बसले की एक पाऊल मागे जावे.

गुण कसे मोजतात?

गुण 15, 30, 40 असे वाढतात. 40-40 झाले की 'ड्यूस'. पुढे सलग दोन गुण घेणारा गेम जिंकतो. किमान दोनच्या फरकाने सहा गेम जिंकले की सेट. 6-6 झाल्यास टायब्रेक. दुहेरीत अनेकदा तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक खेळतात. महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण असेच जिंकले: 2-6, 6-3, 10-4.

पूर्ण कोर्टावर कधी जावे?

जोडीदारासोबत सलग 10 फटके खेळता आले की प्रशिक्षक शोधावा. दिंडोरीहून नाशिक सुमारे 25 किलोमीटर आहे. आठवड्यातून एकदा जाऊन चुका सुधारून घ्याव्यात आणि उरलेले दिवस गावात सराव करावा. सर्व्हिस मात्र पूर्ण कोर्टावरच शिकावी, कारण तिचे अंतर लहान जागेत कळत नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत लॉन टेनिस असते. त्यामुळे मुलांच्या प्रवेशाबाबत शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे आधीच चौकशी करावी.