योसेफ डोब्रोव्स्की : भाषेचा खरा मित्र

मंडळी, आज एका दूरदेशीच्या अभ्यासकाबद्दल लिहिते आहे. योसेफ डोब्रोव्स्की त्याचं नाव. चेक, पोलिश, रशियन, सर्बियन ह्या स्लाव्ह भाषांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया त्याने घातला असं मानतात.

जन्म १७५३चा, हंगेरीतला, एका सैनिकाच्या घरातला. बालपण जर्मन बोलण्यात गेलं. चेक तो शाळेत गेल्यावर शिकला. १७७२ साली जेझुइट संघात दाखल झाला आणि धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात येण्याची तयारी करू लागला. पण १७७३ साली पोपने तो संघच बरखास्त केला! त्याच संघाचे फादर स्टीफन्स पूर्वी गोव्यात आले, त्यांनी कोकणीचं व्याकरण लिहिलं आणि मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. हा आला असता तर इथल्या कुठल्या भाषेचं भाग्य उजळलं असतं, कोण जाणे. ते भाग्य चेक भाषेच्या वाट्याला आलं.

तिला त्याची गरजही होती. १६२० साली प्रागजवळच्या लढाईत बोहेमियातले बंडखोर सरदार हॅब्सबर्ग बादशहापुढे हरले. पुढे हळूहळू कचेऱ्या, उच्च शिक्षण, विद्वानांच्या चर्चा, सगळं जर्मनमध्ये गेलं. चेक उरली ती मुख्यतः खेड्यापाड्यांत आणि गरिबांच्या घरात. डोब्रोव्स्की जुन्या हस्तलिखितांच्या शोधात १७९२ साली स्वीडन आणि रशियापर्यंत जाऊन आला. त्याच वर्षी त्याचा चेक भाषा आणि वाङ्मयाचा इतिहास निघाला. मध्यंतरी मनाच्या आजाराने त्याला घेरलं, इस्पितळातही राहावं लागलं. तरी १८०९ साली त्याने चेकचं व्याकरण पूर्ण केलं आणि १८२२ साली जुन्या स्लाव्ह भाषेचं.

गंमत अशी, की हे ग्रंथ त्याने जर्मन आणि लॅटिनमध्ये लिहिले. चेक पुन्हा विद्वानांची भाषा होईल ह्यावर त्याचा फारसा भरवसाच नव्हता! तो भरवसा त्याच्यामागून आलेल्या युंगमानसारख्या तरुणांना होता. पण ती तरुण मंडळी उभी राहिली ती ह्या म्हाताऱ्याच्या व्याकरणावर.

खरी परीक्षा पुढेच होती. १८१७ आणि १८१८ साली दोन 'प्राचीन' चेक हस्तलिखितं सापडली. त्यांतल्या एकात लिबुशे राणीच्या न्यायनिवाड्याचं काव्य होतं. आपलं वाङ्मय जर्मनांइतकंच जुनं, असं म्हणत लोक हरखून गेले. डोब्रोव्स्कीने मात्र लिबुशेचं हस्तलिखित पाहून ते बनावट असल्याचं सांगितलं आणि १८२४ साली तसं छापूनही टाकलं. त्याचा संशय होता त्याच्याच शिष्यावर, वाक्लाव्ह हांकावर. झालं! चेक भाषेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसालाच लोक देशप्रेम नसलेला म्हणू लागले. दुसरं हस्तलिखित मात्र त्यालाही खरं वाटलं होतं. १८२९ साली तो वारला तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता.

१८८६ साली गेबाउअर आणि मासारिक ह्या प्राध्यापकांनी हा प्रश्न पुन्हा उकरून काढला. त्यांनाही देशद्रोही ठरवलं गेलं. अखेर दोन्ही हस्तलिखितं बनावट ठरली. हेच मासारिक १९१८ साली चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

मी तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं. भाषेचा अभिमान मुलांच्या मनात रुजवणं सोपं असतं. एखादी थोरवीची गोष्ट रंगवून सांगितली की वर्ग खूश. पण "बाई, ह्याला पुरावा काय?" असं विचारणारा मुलगा एखादाच, आणि बाकीचा वर्ग त्याच्याकडे कसा रागाने बघतो ते मी पाहिलेलं आहे. चेक भाषेला त्या खोट्या काव्याची गरज नव्हती. व्याकरण होतं, जुने खरे ग्रंथ होते, बोलणारी माणसं होती. आपल्या मराठीपाशी तर हे सगळं कितीतरी आहे. म्हणून घरातल्या नातवंडांना माझं सांगणं एवढंच, की मराठीबद्दल काही फार गोड ऐकलंत, तर पुढे सांगण्याआधी एकदा पुरावा विचारा. कुणी नावं ठेवली तर ठेवू देत.