चांद्याचा संगणक: जाणारे आणि राहणारे

चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत संगणकाचा व्यवसाय सरकारी कचेरी, वीजकेंद्र आणि खाणींच्या मार्गाने आला. पुण्यात 1990 च्या सुमारास सॉफ्टवेअर कंपन्या मूळ धरत होत्या, तशा त्या येथे कधी आल्या नाहीत. त्यामुळे या व्यवसायाच्या दोन शाखांचा इथला इतिहासही निराळा घडला. सॉफ्टवेअर विकसन म्हणजे संगणकाने काय करावे याच्या आज्ञावली लिहिणे, तर प्रणाली-प्रशासन म्हणजे उभी असलेली यंत्रणा, तिचे सर्व्हर, जोडण्या, पासवर्ड आणि माहितीच्या राखीव प्रती, दिवसरात्र चालू ठेवणे. पहिली शाखा निवडणाऱ्याला जिल्हा सोडावा लागला आणि दुसरी निवडणाऱ्याला तो सोडावा लागला नाही, असे ढोबळमानाने म्हणता येते.

संगणकाच्या आधीही हा प्रदेश नोंदींचा होता. बल्लारशा आणि आलापल्लीच्या लाकूड आगारांत प्रत्येक सागवानी लठ्ठ्यावर हातोड्याची खूण उमटे, त्याची लांबी आणि गोलाई नोंदवहीत चढे, आणि तेंदूच्या हंगामात फळीवरचा, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावरचा, मुन्शी पुडक्यांचा हिशोब लिहून ठेवी. या नोंदींची टंकलिखित प्रत काढणारा कारकून तालुक्याच्या गावातल्या टंकलेखन संस्थेत घडत असे, जेथे मिनिटाला मराठीचे 30 किंवा इंग्रजीचे 40 शब्द हा वेग सरकारी नोकरीचा उंबरठा होता. या दोन जिल्ह्यांतील संगणकाच्या इतिहासात टंकलेखन संस्थांना मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही. आयआयटी कानपूर येथे आकाराला आलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना 1988) वाढलेले जिस्ट तंत्र, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटवणारी व्यवस्था, जेव्हा कचेऱ्यांत पोचले, तेव्हा टंकलेखन यंत्राचाच कळक्रम संगणकावरही वापरता येत असल्यामुळे बोटांना झालेली सवय वाया गेली नाही आणि टायपिस्टचा ‘ऑपरेटर’ झाला.

1976 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात देशातील जिल्हा मुख्यालये उपग्रहाच्या साह्याने परस्परांशी जोडण्यास सुरुवात केली. निकनेट नावाच्या या जाळ्याचे दृश्य रूप म्हणजे आकाशाकडे तोंड केलेली तबकडी. जमिनीखालून तार न्यावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण 14,412 चौरस किलोमीटर पसरलेल्या आणि सुमारे 70 टक्के वनाच्छादित असलेल्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात विशेष उपयोगाचा होता, मात्र मुसळधार पावसात संकेत क्षीण होणे हा दोषही तिच्यासोबतच आला. उन्हाळ्यात पारा 47 अंशांपर्यंत चढणाऱ्या चंद्रपुरात यंत्राची खोली थंड राखणे, वीज गेली की बॅटरी किती मिनिटे तग धरेल याचा अंदाज ठेवणे आणि तेवढ्यात सर्व्हर रीतसर बंद करणे हे काम ज्याच्याकडे येई, त्याच्या पदाचे नाव काहीही असो, तो प्रणाली-प्रशासकच होता.

याच काळात बाहेर जाण्याची वाटही रुंदावत होती. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, पुढे 1996 मध्ये चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ मिळाले. पदवीधर नागपूर-पुण्याकडे वळले हे ओघानेच आले, पण हैदराबादचा ओढाही जुना होता. राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील बल्लारशा स्थानकातून तेलंगणात उतरणे सोपे होते. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचे नियंत्रणकक्ष, कोळसाखाणी आणि कागद गिरणी यांनी संगणक जाणणारी काही माणसे सामावून घेतली, तरी आज्ञावली लिहिण्याचे काम जिल्ह्यात जवळपास उगवलेच नाही.

राहणाऱ्यांची संख्या वाढवली ती एमएस-सीआयटी या पाठ्यक्रमाने. 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा प्राथमिक संगणक-साक्षरतेचा पाठ्यक्रम सरकारी भरतीसाठी आवश्यक ठरला आणि मूल, नागभीड, चामोर्शी, अहेरी अशा गावांत त्याचे वर्ग भरू लागले. 2011 नंतर ‘संग्राम’ योजनेतून ग्रामपंचायतींमध्ये संगणक परिचालक आले. तुटपुंज्या मानधनावर, कायम नेमणुकीविना या तरुणांनी गावाची दप्तरे संगणकावर चढवली, आणि त्यांच्या कामाला कुशल व्यवसायाचा दर्जा न देणे हा सरळ अन्याय होता. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी वाहते, भामरागडचा संपर्क तुटतो आणि बिघडलेल्या यंत्राचा सुटा भाग पाणी ओसरेपर्यंत पोचत नाही. अशा ठिकाणी यंत्र उघडून धूळ झाडणे, एका संगणकाची मेमरी काढून दुसऱ्यात बसवणे आणि जोडणी नसताना गोळा केलेली माहिती पेनड्राइव्हमध्ये जपून जोडणी आल्यावर चढवणे, हेच कामाचे खरे शिक्षण ठरते.

विकसनाच्या शाखेत मात्र एक काम असे आहे की जे या प्रदेशाच्याच भाषेशी बांधलेले आहे. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये गोंडीसाठी रचलेली लिपी 2017 मध्ये युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात दाखल झाली. तेलंगणातील हस्तलिखितांत सापडलेली गुंजाला गोंडी लिपी पुढच्याच वर्षी दाखल झाली. संकेत मिळाला म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक मिळाला. त्यावर टंक, कळफलक, शब्दकोश आणि शाळकरी मुलांना वापरता येईल असे सॉफ्टवेअर रचणे हे पुढचे काम आहे, आणि त्यासाठी आज्ञावली लिहिता येणारा माणूस जितका लागतो, तितकाच धानोरा किंवा एटापल्लीच्या गावात बसून प्रत्येक शब्दाचा उच्चार ऐकून तपासणाराही लागतो.