बाण ते 'हाय-पॉवर' रॉकेट : एका खंडित परंपरेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

साष्टीच्या उत्तर टोकाला, खाडीच्या काठावर घोडबंदरचा किल्ला उभा आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला इ. स. १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली आणि १८१८ मध्ये घोडबंदर हे कंपनी सरकारचे जिल्ह्याचे ठिकाण झाले. आज हा किल्ला मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या तीन सत्तांचा दारूगोळा ज्या खाडीवरून गेला, तिच्या काठावर उभे राहून दारूच्या बळावर उडणाऱ्या एका साधनाचा, म्हणजे 'बाणा'चा, इतिहास तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. १७३९ मध्ये वसईचा निकाल मुख्यतः सुरुंगांनी लावला, बाणांनी नव्हे. त्यामुळे या परिसराला बाणविद्येचे माहेरघर ठरविण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या देशात अठराव्या शतकात हजारो बाणदार होते, त्या देशात नागरिकाने स्वतः रॉकेट रचून, बांधून, उडवून पाहण्याची परंपरा का निर्माण झाली नाही? अमेरिकेत सामान्य शिक्षक, कारागीर आणि विद्यार्थी जे 'हाय-पॉवर' रॉकेट छंद म्हणून उडवितात, त्याच्याशी आपल्या बाणाचे नाते काय?

बाण : रण आणि उत्सव

मराठीत 'बाण' या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक धनुष्याचा आणि दुसरा दारूचा. मोल्सवर्थच्या कोशातही हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. विल्यम आयर्विन याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोगल सैन्यावरील ग्रंथात बाणाची स्वतंत्र दखल घेतली आहे. पानिपतच्या १७६१ च्या संग्रामाची काशीराजाने लिहिलेली हकीकत नजीबखान रोहिल्याच्या बाणांच्या माऱ्याचा उल्लेख करते. सैनिकी बाण ही केवळ म्हैसूरची मिरासदारी नव्हती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

रणांगणाबरोबरच बाणाला उत्सवाचेही अंगण होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी १९५३ मध्ये भारतातील शोभेच्या दारूचा इतिहास लिहिला. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरील 'कौतुकचिंतामणी' या सोळाव्या शतकातील संस्कृत ग्रंथात बाणांच्या दारूची प्रमाणे दिलेली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. पेशव्यांच्या बखरीतील एक वर्णनही त्यांनी पुढे आणले. कोट्याच्या दिवाळीत दारूखान्याची लंका उभारली जाते आणि पेटलेल्या शेपटीचा मारुती हवेत उडत ती जाळतो, असे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितले. तेव्हा तसाच देखावा पुण्यात पर्वतीजवळ करविण्यात आला. ठरलेल्या मार्गाने वजन उचलून नेणारे ज्वलनयंत्र रचण्याचे कसब येथील कारागिरांकडे होते, एवढा निष्कर्ष या वर्णनातून निश्चितपणे काढता येतो.

रचनेचा विचार

बाणाची रचना तीन भागांची असते : दारू ठासलेली नळी, मागे वायू बाहेर पडण्याचे छिद्र आणि नळीला बांधलेली लांब काठी. काठीचे काम केवळ धरण्याचे नाही. उडणाऱ्या वस्तूचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे असेल तरच ती सरळ जाते. काठीमुळे दाबमध्य मागे ढकलला जातो. आधुनिक छांदिष्ट रॉकेटमध्ये हेच काम शेपटीकडील पंख करतात, आणि दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे किमान रॉकेटच्या एका व्यासाइतका असावा असा दंडक पाळला जातो. दाबमध्य आकडेमोडीने काढण्याची सोपी पद्धत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छांदिष्टांसमोर मांडली. बाणदाराला हे गणित ठाऊक नव्हते, परंतु काठीची लांबी किती असावी हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

म्हैसूरच्या बाणाचे वैशिष्ट्य त्याच्या लोखंडी नळीत होते. कागदाच्या वा बांबूच्या नळीपेक्षा लोखंडी नळी अधिक दाब सहन करते. दाब वाढला की दारू वेगाने जळते आणि वायू अधिक जोराने बाहेर पडतो. १७८० च्या पोळिलूरच्या लढाईत कंपनीच्या फौजेला या बाणांचा जबर तडाखा बसला. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर काही नमुने इंग्लंडला गेले. विल्यम काँग्रीव्हची रॉकेटे १८०६ मध्ये बुलोन्यवर आणि १८०७ मध्ये कोपनहेगनवर वापरली गेली. २०१८ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील नगर येथे एका कोरड्या विहिरीत हजारावर बाण सापडले, त्यामुळे या इतिहासाला भरभक्कम भौतिक पुरावा लाभला.

शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी १९८५ मध्ये वुलविचच्या तोफखाना संग्रहालयातील दोन नमुन्यांची मापे दिली. एकाची नळी सुमारे ५८ मिलिमीटर व्यासाची व २५४ मिलिमीटर लांबीची आहे. दुसऱ्याची ३७ मिलिमीटर व्यासाची व १९८ मिलिमीटर लांबीची. या मापांवरून एक ढोबळ हिशेब करता येतो. नळीची जाडी २ मिलिमीटर, दारूची घनता दर घन सेंटिमीटरला १.६ ग्रॅम आणि आतील पोकळी व छिद्र यांसाठी पाचवा हिस्सा रिकामा धरला, तर लहान बाणात सुमारे २१५ ग्रॅम आणि मोठ्यात सुमारे ७४५ ग्रॅम दारू मावते. काळ्या दारूचा वायू सेकंदाला सुमारे ७०० मीटर वेगाने बाहेर पडतो असे मानल्यास एकूण आवेग अनुक्रमे सुमारे १५० आणि ५२० न्यूटन-सेकंद येतो.

या आकड्यांचा अर्थ आजच्या वर्गवारीत पाहावा. छांदिष्ट रॉकेटच्या मोटरींना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिलेली असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला आवेगाची मर्यादा दुप्पट होते. 'जी' वर्ग १६० न्यूटन-सेकंदांवर संपतो आणि 'एच' पासून 'हाय-पॉवर' सुरू होते. 'एच' व 'आय' साठी पहिल्या स्तराचे, 'जे' ते 'एल' साठी दुसऱ्या आणि 'एम' ते 'ओ' साठी तिसऱ्या स्तराचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे वुलविचचा लहान बाण 'हाय-पॉवर'च्या उंबरठ्यावर आणि मोठा थेट 'आय' वर्गात बसतो. आज ज्या मोटरीसाठी परदेशातील छांदिष्टाला परीक्षेतून जावे लागते, तेवढ्या शक्तीचे साधन आपला बाणदार सव्वादोनशे वर्षांपूर्वी खांद्यावरून वाहत होता.

परंपरा का खंडित झाली?

या प्रश्नाचे 'इंग्रजांनी बुडविली' हे एकेरी उत्तर अपुरे आहे. पहिले कारण आर्थिक होते. सैनिकी बाणाचा ग्राहक राज्यसत्ता होती. १७९९ मध्ये म्हैसूरची आणि १८१८ मध्ये पेशवाईची फौज गेली, तेव्हा तो ग्राहकच नाहीसा झाला आणि लग्नकार्य व उत्सव यांतील शोभेची दारू तेवढी उरली. दुसरे कारण तांत्रिक होते. आटे पाडलेल्या नळीच्या तोफा आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुद्द काँग्रीव्हची रॉकेटेही मागे पडली. तिसरे कारण कायद्याचे. १८७८ चा शस्त्र कायदा आणि १८८४ चा स्फोटक कायदा यांनी दारू बनविणे, बाळगणे व वापरणे परवान्याखाली आणले. हा दुसरा कायदा आजही लागू असून त्याखालील २००८ च्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. शोभेची दारू, खाणीतील सुरुंग आणि प्रयोगाचे रॉकेट यांच्याकडे प्रथम 'स्फोटक' म्हणूनच पाहिले जाते.

अमेरिकेतही हा पेच होता. १९५७ नंतर अंतराळाच्या ओढीने घरी दारू मिसळणारी मुले जखमी होऊ लागली. नेब्रास्कातील पादत्राणांचे विक्रेते ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये केलेल्या नमुन्यावरून अभियंता हॅरी स्टाइन यांनी त्यावर तोडगा काढला. मोटर कारखान्यात बनावी, छांदिष्टाने रॉकेटचा सांगाडा, पंख, हवाई छत्री व उड्डाणाचे नियोजन एवढेच करावे, अशी ती विभागणी होती. ती रुजल्यामुळेच पुढे 'हाय-पॉवर' शक्य झाले. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने या मोटरींतील अमोनियम परक्लोरेटयुक्त इंधन स्फोटकांच्या सूचीत ठेवण्याचा निर्णय रद्द ठरविला.

लक्षणीय गोष्ट अशी की, हीच विभागणी भारतात आधी घडून गेली होती. कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ यांनी १९३४ ते १९४४ या काळात रॉकेटने टपाल पाठविण्याचे सुमारे २७० प्रयोग केले. १९३५ मध्ये सिक्कीममध्ये त्यांना दरबारचा पाठिंबा मिळाला. त्यांची रॉकेटे शोभेच्या दारूच्या कारखानदाराकडून येत. भार, मार्ग व प्रयोग त्यांचा असे. १९९२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. परंतु त्यांच्यामागे परंपरा उभी राहिली नाही. १९६३ मध्ये थुंब्याहून पहिले रॉकेट उडाल्यावर हे ज्ञान शासकीय संस्थांत वाढले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्यात रॉकेट-इंधनावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे आणि 'पिनाक' रॉकेट विकसित करणारी संस्थाही आहे. राज्य ज्ञानाने संपन्न आणि महाविद्यालये मात्र रिकाम्या हातांची, असे हे चित्र आहे.

इतिहासाच्या अध्यापकाचा प्रश्न

येथे आणखी एक विसंगती नोंदवावीशी वाटते. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडाल्याची कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. त्या कथेशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने उडू शकत नाहीत, असे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखविले होते. ज्याला पुरावा नाही ते सर्वतोमुखी आहे आणि ज्याची नळी संग्रहालयात मोजता येते तो बाण मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरता उरला आहे. अभिमानाला पुराव्याची शिस्त नसली की असे घडते.

निष्कर्ष

खंडित परंपरा घोषणेने जोडली जात नाही. घोडबंदरचा परिसर आज दाट वस्ती, राष्ट्रीय उद्यान आणि विमानमार्ग यांनी वेढलेला आहे. तेथे रॉकेट उडविणे योग्य नाही आणि परवान्याशिवाय दारू मिसळणे तर कोठेच योग्य नाही. परंतु रॉकेटविद्येचा मोठा भाग दारूशिवाय शिकता येतो. पंखांचा आकार, गुरुत्वमध्य व दाबमध्य यांचे गणित, हवाई छत्री उघडण्याची वेळ, संग्रहालयातील बाणाच्या मापांवरून हिशेब, बखरीतील शब्दांचा अर्थनिर्णय ही कामे भौतिकशास्त्र, इतिहास आणि मराठी या तिन्ही विभागांनी एकत्र बसून करण्याजोगी आहेत. प्रत्यक्ष उड्डाणासाठीही मार्ग खुला होत आहे. अंतराळ क्षेत्राच्या नियामक संस्थेने पुढाकार घेतलेली विद्यार्थ्यांची रॉकेट स्पर्धा २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर येथे झाली, ती परवानगी, मोकळी जागा आणि तज्ज्ञांची देखरेख यांच्या आधारे.

धोका टाळण्यासाठी विद्यार्थ्याला प्रयोगापासून दूर ठेवणे हा एक उपाय झाला. मोटर जबाबदार हाती सोपवून रचनेचे काम त्याच्या हाती देणे हा दुसरा. पहिल्या उपायाने अपघात टळतात. पण घरी चोरून केलेले प्रयोग थांबतातच असे नाही. दुसऱ्या उपायाने दोन्ही साधते, असे स्मिथ आणि कार्लाइल यांच्या उदाहरणांवरून दिसते. आपल्या महाविद्यालयांनी हा दुसरा मार्ग स्वीकारावा काय, याचा निर्णय प्रयोगशाळेइतकाच इतिहासाच्या वर्गातही व्हायला हवा.