नांगराची जाहिरात आणि सहकाऱ्यांचे बळ

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत ज्याने वखर नि तिफण चालविली आहे, त्याच्या दारी नवे अवजार आले म्हणजे त्याच्या मनात काय येते, हे सांगावयास नको. अवजार फसले तर हंगाम जातो, आणि हंगाम गेला की वर्ष बुडते. म्हणून शेतकऱ्यास माल विकणे हे मुळात विश्वास संपादन करण्याचे काम होय. ही गोष्ट ज्यांनी लवकर ओळखली, त्यांत दक्षिण महाराष्ट्रातील किर्लोस्करवाडीच्या मंडळींची गणना करावी लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस कळत नाही असे आढळताच त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या हस्तगत केली. १८८८ साली बेळगावास त्यांनी सायकलींचे दुकान घातले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. पण लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा त्या काळी लोकांचा समज! नांगरास गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षे वाट पाहावी लागली.

१९१० साली औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळरान दिले. निवडुंगाच्या त्या माळावर कारखाना व वस्ती उभी राहिली. वडीलबंधू रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली, मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले, शंभोराव जांभेकर व अनंतराव फळणीकर यंत्रांत रमले, के. के. कुलकर्णी यांनी लोकसंग्रह केला. यांतील फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते. ज्याच्या अंगी जो गुण, त्याला तेच काम द्यावे, ही लक्ष्मणरावांची दृष्टी.

याच मंडळींत पुतणे शंकरराव (१८९१–१९७५) येऊन मिळाले. लाहोरास पंडित सातवळेकरांकडे व मुंबईच्या कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. चुलत्याने सोडलेला कुंचला जणू पुतण्याने उचलला, तो मात्र जाहिरातीसाठी. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. हेतू कारखान्याच्या मालाची माहिती देण्याचा. परंतु नुसती मालाची स्तुती वाचावयास कोण पैसे देईल? तेव्हा त्यांनी उद्योगाचे लेख, गोष्टी व स्वतः काढलेली व्यंगचित्रे त्यात घातली. वाचकांस पत्र आपलेसे वाटू लागले. १९२९ मध्ये त्याचे नाव ‘किर्लोस्कर’ झाले; १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगराच्या जाहिरातीतून महाराष्ट्राच्या विचारास वळण देणारी मासिके जन्मास आली!

यातील बोध साधा आहे. ओतशाळेतील कारागीर, हिशेबनीस व चित्रकार एकाच वस्तीत राहत होते. ज्या नांगराचे चित्र काढावयाचे, तो घडताना चित्रकारास दिसत होता. म्हणून शब्द व वस्तू यांत अंतर पडले नाही. आजही हंगामाच्या तोंडावर यवतमाळच्या बाजारात बियाण्यांच्या रंगीत जाहिराती झळकतात. त्या पाहताना शेतकऱ्याने एकच विचारावे: हे चित्र काढणाऱ्याने ते पीक शेतात उभे पाहिले आहे काय?