'स्विंग' या शब्दाची कुळकथा

इंग्रजीतला 'स्विंग' आज झोका, झुलणे, हेलकावा या अर्थांनी ओळखीचा असला तरी त्याचे मूळ मारहाणीत आहे. प्राचीन इंग्रजीत 'स्विंगन' म्हणजे मारणे, चाबकाने फोडून काढणे. वेगाने झेपावणे असाही त्याचा एक अर्थ होता. जर्मनमधला 'श्विंगेन' हा त्याचा भाऊबंद. उगारलेले दांडके हवेत कमान काढत खाली येते. पुढे शब्दात ती कमान उरली आणि मार गळून पडला. लोंबत्या वस्तूचे मागेपुढे हलणे हा अर्थ सोळाव्या शतकात रुळला, आणि त्याच सुमारास फासावर लटकण्यालाही लोक 'स्विंग' म्हणू लागले. मुलांचा झोका त्याच्याही नंतरचा, सतराव्या शतकातला. मराठीत झोका आणि झोकून देणे शेजारी नांदतात, तसाच काहीसा हा प्रकार.

जुना अर्थ शेतात मात्र टिकला. धान्य झोडपायच्या जोडदांडक्याच्या आपटणाऱ्या तुकड्याला 'स्विंगल' म्हणत. इंग्लंडच्या शेतमजुरांना हिवाळ्यात पोटाला आधार होता तो या झोडपणीचा, आणि मळणीयंत्रांनी तोच काढून घेतला. ऑगस्ट 1830 च्या अखेरीस केंट परगण्यात, कँटरबरीजवळच्या लोअर हार्ड्रेस गावी मजुरांनी एक यंत्र फोडले आणि दंगा दक्षिण इंग्लंडभर पसरला. जमीनदारांना धमकीची पत्रे येत, खाली सही 'कॅप्टन स्विंग'. असा कोणी माणूस नव्हताच. हे नाव झोडपायच्या दांडक्यावरून पडले असे सहसा मानतात. फासाची छटाही वाचणाऱ्याला टोचली असणार. प्रत्यक्षात फासावर गेले ते मजूरच, 19 जण. आणखी शेकडो जणांना हद्दपार करून ऑस्ट्रेलियाकडे धाडले.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जॅझ वादकांच्या तालातला लवचिक हेलकावा 'स्विंग' म्हणून ओळखला जाऊ लागला. ड्यूक एलिंग्टनने 1932 मध्ये तो शब्द एका गाण्याच्या शीर्षकात आणला. 21 ऑगस्ट 1935 रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदावर तरुण श्रोते फिदा झाले, आणि पुढची दहाएक वर्षे 'स्विंग युग' म्हणून ओळखली गेली.

क्रिकेटमध्ये हवेत वळणाऱ्या चेंडूला आधी 'स्वर्व्ह' म्हणत. 'स्विंग' नंतर रुळला आणि मराठी समालोचनातही तसाच आला. हा चेंडू झोक्यासारखा मागे येत नाही. शिवणीच्या कलामुळे तो एकाच बाजूला कमान काढत जातो, उगारलेल्या दांडक्यासारखा.