हाडांनी सांगितलं तेच लिहिणारी इरावती

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या, पालघरच्या बाजारात मासळी आणि भाजी विकणाऱ्या, गटाच्या बैठकीला जमलेल्या सगळ्या जणींना नमस्कार. आज एका मराठी बाईची गोष्ट सांगते. तिने जर्मनीत जाऊन पीएचडी केली, ती माणसांच्या कवट्या मोजून. तिचं नाव इरावती कर्वे.

आधी हाडांविषयी थोडं सांगते. कुठे खाडीच्या कडेला किंवा जंगलात हाडं सापडली, तर पोलीस पंचनामा करून ती तपासायला पाठवतात. तपासणारा पहिल्यांदा बघतो, हाडं माणसाची की जनावराची. मग कमरेचं हाड बघतो. बाळ बाहेर यावं म्हणून बाईच्या कमरेच्या हाडातली वाट रुंद असते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो. हाडांची टोकं जुळलीत की नाहीत, यावरून वयाचा अंदाज येतो. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं छातीकडचं टोक विशी ओलांडल्यावरच पुरतं जुळतं. हे सगळं मोजूनच कळतं. पण मोजणाऱ्याने आधीच मनात उत्तर ठरवलं असेल, तर मोजून काय फायदा? इरावतीबाईंची परीक्षा झाली ती इथेच.

त्यांचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. वडील गणेश करमरकर तिकडे नोकरीला होते. सात वर्षांच्या इरावतीला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत धाडलं. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मग मुंबईत प्राध्यापक घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. लग्न झालं दिनकर कर्वे यांच्याशी. म्हणजे सासरे कोण? महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम काढणारे, बायकांसाठी विद्यापीठ काढणारे. तरीही सुनेने परदेशी जावं हे त्यांना पटलं नव्हतं. दिनकररावांनी मात्र बायकोला पाठवायचंच ठरवलं. पैसा हवा होता, तो डॉक्टर जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतला. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. गटातून कर्ज उचललेल्या बाईला ठाऊक असतं, दुसऱ्याच्या पैशावर काम सुरू केलं की अर्ध्यावर सोडता येत नाही.

1928 साली इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, तिथल्या मोठ्या संशोधन संस्थेचे प्रमुख. त्या काळी माणसाचं डोकं, नाक, कातडीचा रंग मोजून कोण वरचा आणि कोण खालचा हे ठरवण्याचं खूळ होतं. आपल्याकडेही 1901 च्या जनगणनेचे इंग्रज प्रमुख रिस्ले नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीचता मांडत होते. फिशर यांचा अंदाज असा की, गोऱ्या लोकांच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असते, आणि त्यांच्या वरचढ बुद्धीची ती खूण आहे. हे तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं.

त्यांच्यापुढे 149 कवट्या होत्या. काही युरोपातल्या लोकांच्या, काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या. एकेक कवटी हातात घ्यायची, डावी बाजू मोजायची, उजवी मोजायची, आकडे मांडायचे. घर हजारो मैल दूर, भाषा परकी, डोक्यावर कर्ज आणि पदवी देणं गुरूच्या हातात. आकडे जुळवून गुरूला हवं ते लिहिलं असतं, तर कोण विचारणार होतं?

त्यांनी तसं केलं नाही. कवट्या थोड्याफार असमान असतात, आणि त्या सगळ्याच लोकांच्या असतात, असं त्यांना दिसलं. वंशाशी त्याचा संबंध लागत नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. पदवी मिळाली, पण फिशर यांनी गुण कमी दिले. त्या पदवी घेऊन परतल्या. थोड्याच वर्षांत, 1933 साली, हिटलर सत्तेवर आला. फिशर आणि त्यांची संस्था त्याच्या वंशाच्या धोरणाला साथ देत राहिली. हीन ठरवलेल्या माणसांची जबरदस्तीने नसबंदी झाली, आणि पुढे लाखो ज्यू लोकांना मारलं गेलं.

आफ्रिकेतून नेलेल्या कवट्याही कोणाच्या तरी घरच्याच माणसांच्या होत्या. 2011 साली नामिबिया देशातले लोक बर्लिनला गेले आणि आपल्या पूर्वजांच्या 20 कवट्या मानाने परत घेऊन आले. शंभर वर्षांनीसुद्धा आपली माणसं ती आपलीच.

इरावतीबाई 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. गुजरातेत लांघणज इथे 1944 साली पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर उत्खननाला गेल्या, तिथे अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे मिळाले. शेवटच्या वर्षांत कोयना धरणाने उठवलेल्या गावांत घरोघरची पाहणी केली, कोणाचं काय गेलं ते नोंदवलं. 1970 साली त्या वारल्या.

मैत्रिणींनो, बोईसरच्या चाळींत आज कुठकुठच्या राज्यांतून आलेली माणसं शेजारी राहतात. आपल्या पाड्यांवर वारली आहेत, कातकरी आहेत, किनाऱ्याला मांगेला आहेत. चेहरा बघून कोणी एखाद्याला खालचा म्हणालं, तर त्या 149 कवट्यांचा हिशेब त्याला सांगा.

आणि आणखी एक. हाडांची खरी नोंद बाईच्या न्यायाच्या कामी येते. हनुवटीखाली, गळ्यात, घोड्याच्या नालासारखं एक लहानसं हाड असतं. गळा दाबला तर ते मोडू शकतं, दर वेळी मोडतंच असं नाही. म्हणून गळा कसून तपासावा लागतो. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत एखादी बाई संशयास्पद रीतीने गेली, तर दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी आणि शवविच्छेदन व्हावं असा कायदा आहे. घाईने चिता पेटली, की त्या गळ्याची तपासणी कायमची राहून जाते. अशा वेळी गटातल्या चार जणींनी जाऊन पोलिसांना कळवावं. तपासणी होऊ द्या, मग पुढचे विधी.