ग्रंथांच्या कडेवरील चित्रें

पूर्वीं युरोपांत फडताळांतील ग्रंथांच्या पानांची कड बाहेर असे. म्हणूनच १६ व्या शतकाच्या अखेरीस इटलींतील बेल्लुनोच्या पिल्लोने घराण्याच्या ग्रंथांच्या कडांवर चेझारे वेचेल्लिओनें चित्रें रंगविलीं. पुढें कणा बाहेर आला आणि चित्र लपलें. इंग्लंडांत १८ व्या शतकाच्या उत्तरार्धांत हॅलिफॅक्सच्या एडवर्ड्स घराण्यानें ही गुप्त चित्रकला नांवारूपास आणिली. पानें किंचित् तिरपीं सरकवून आवळावयाचीं, जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें जलरंग द्यावयाचे. कारण अधिक पाणी पानांत झिरपतें. मग ग्रंथ मिटून कडेस सोन्याचा वर्ख लावावयाचा. पानें पसरलीं कीं चित्र प्रगट होतें. घरीं हौसेनें असें चित्र काढतां येतें. परंतु जुना ग्रंथ पुन्हां बांधावयास देण्यापूर्वीं पानें पसरून पाहावीं. बांधणाऱ्याची सुरी कडेवरून फिरली, कीं तें कायमचें गेलें.